लायसन्समधलं नाव

सर्व्हर चालू आहे की झोपलाय हे बघायचं असलं की आमच्या ऑफिसात कोणी ना कोणी म्हणतंच, "अरे, एक कर्ल मारून बघ." तुमच्याकडेही म्हणत असतील. दिलेल्या पत्त्यावरून डेटा आणायचा किंवा तिथे पाठवायचा, एवढंच काम करणारं हे टूल. त्यामागची लिबकर्ल ही लायब्ररी मात्र फोन, टीव्ही, गाड्या, गेम कन्सोल अशी सगळीकडे जाऊन बसलीय. ती सांभाळणाऱ्या माणसाच्या अंदाजाने वीस अब्जांहून जास्त ठिकाणी. तो माणूस म्हणजे स्वीडनचा डॅनियल स्टेनबर्ग. आज त्याच्याबद्दल बोलू.

सुरुवात अगदीच किरकोळ होती. १९९६ साली आयआरसीवर अमिगा कॉम्प्युटरवाल्यांचं एक चॅनल होतं. तिथल्या बॉटने चलनांचे ताजे दर सांगावेत, असं डॅनियलच्या मनात आलं. दर वेबवर मिळत होते, ते रोज आपोआप आणायचे कसे हा प्रश्न होता. राफाएल सागुला या ब्राझीलच्या प्रोग्रॅमरने लिहिलेलं एचटीटीपीगेट नावाचं एक छोटं टूल त्याला सापडलं. त्याने त्यात सुधारणा पाठवल्या, आणि थोड्याच दिवसांत ते टूल सांभाळायचं कामच त्याच्या गळ्यात पडलं. दोनदा नाव बदलून २० मार्च १९९८ रोजी ते कर्ल म्हणून बाहेर आलं. पहिल्याच आवृत्तीचा नंबर ४.० होता, कारण आधीच्या नावांखालचे नंबर तसेच पुढे चालू ठेवले होते.

त्यानंतरची एकवीस वर्षं दिवसा नोकरी आणि संध्याकाळी कर्ल. मधली पाच वर्षं तो मोझिलात फायरफॉक्सच्या नेटवर्किंगवर होता, तेव्हाही कर्ल मुख्यतः फावल्या वेळातच. २०१७ मध्ये स्वीडनचं मानाचं पोल्हेम पारितोषिक मिळालं, राजाच्या हातून सुवर्णपदक मिळालं. पण कर्ल हीच पूर्णवेळ नोकरी व्हायला २०१९ उजाडावं लागलं. वुल्फएसएसएल या कंपनीने त्याला घेतलं आणि कर्लचा सपोर्ट पैसे घेऊन विकायला सुरुवात केली.

आता खरी गंमत. कर्लच्या लायसन्सची अट एकच: कोड कुठेही वापरा, पण कॉपीराइटची ओळ सोबत ठेवा. त्या ओळीत डॅनियलचं नाव आणि ईमेल आहे. त्यामुळे होतं काय, की गाडीच्या स्क्रीनवर मेन्यूच्या तळाशी जी लायसन्सची लांबलचक यादी असते, तिथे अख्ख्या गाडीत जिवंत माणसाचा पत्ता म्हणून हाच सापडतो. मग लोक त्याला लिहितात. माझ्या गाडीचा नकाशा चालत नाही, काय करू? कोणाचं इन्स्टाग्राम खातं हॅक होतं आणि ॲपमध्ये हे नाव दिसतं, म्हणजे चोर हाच! तो बिचारा समजावत बसतो.

ऐकायला मजा वाटते, पण फेब्रुवारी २०२१ मध्ये एका अनोळखी माणसाने सरळ जीवे मारायची धमकी पाठवली. आपल्या नुकसानीला याचा कोड जबाबदार आहे अशी त्याची समजूत झाली होती. काही महिन्यांनी त्याने माफी मागितली. पण मधले ते महिने काढायचे कसे? आमच्यासारख्या कंपन्यांत बग निघाला की तिकीट टीमच्या नावावर पडतं. माझं नाव ग्राहकाला कधी कळतही नाही. ही केवढी मोठी सोय आहे, हे त्याचं वाचल्यावर मला कळलं.

मोठ्या कंपन्यांचं वागणं तर आणखी और. जानेवारी २०२२ मध्ये, लॉगफोरजेचा गोंधळ चालू असताना, एका अवाढव्य अमेरिकन कंपनीचा त्याला मेल आला: या प्रश्नावलीची उत्तरं चोवीस तासांत द्या. लॉगफोरजे जावाचं, कर्ल सीमधलं, दोघांचा काही संबंध नाही. कंपनीने त्याला आजवर एक पैसाही दिलेला नव्हता. त्याने शांतपणे कळवलं, आधी सपोर्टचा करार करू, मग आनंदाने उत्तरं देतो. मला हे उत्तर फार आवडतं. त्यात चिडचिड नाही, आणि लाचारीही नाही.

आणि चूक त्याची स्वतःची असते तेव्हा? ऑक्टोबर २०२३ मध्ये कर्लमधलं एक गंभीर भोक जाहीर झालं. सॉक्स५ प्रॉक्सीला जास्तीत जास्त २५५ बाइटचं होस्टनेम देता येतं. नाव त्याहून लांब असेल तर कर्लने त्याचा पत्ता स्वतः शोधायचा, असं ठरलेलं होतं. पण प्रॉक्सीचं उत्तर उशिरा आलं की फंक्शन पुन्हा सुरुवातीपासून चालायचं, हा निर्णय विसरायचं आणि ते लांबलचक नाव छोट्या बफरमध्ये कोंबायचं. हा कोड २०२० मध्ये डॅनियलनेच लिहिला होता. भोक १३१५ दिवस उघडं होतं. त्याने दुरुस्ती दिली आणि त्याच दिवशी हे सगळं, आपण नेमकं कुठे चुकलो यासकट, स्वतःच्या नावाने जाहीर लिहिलं. त्याने टीमच्या मागे लपायचा प्रयत्नही केला नाही.

गेल्या दोन-तीन वर्षांत त्याला नवीनच ताप झालाय. बग शोधणाऱ्याला बक्षीस होतं, म्हणून लोक एआयकडून खोटेच बग लिहून घेऊन पाठवू लागले. भाषा सफाईदार, आत काहीच नाही. प्रत्येक रिपोर्ट तपासायला जाणत्या माणसांचे तास जातात. जानेवारी २०२६ च्या अखेरीस बक्षीसच बंद केलं. तो एआयचा शत्रू आहे असं मात्र नाही हं. २०२५ मध्येच एका जाणकार संशोधकाने अशीच साधनं वापरून पाठवलेल्या यादीतून कर्लमध्ये डझनावारी दुरुस्त्या झाल्या, आणि याने त्याचं मोकळेपणाने कौतुक केलं.

आज इथेच थांबतो. गाडीत किंवा टीव्हीच्या सेटिंग्जमध्ये 'ओपन सोर्स लायसन्स' असं पान असतं, ते उघडून बघा, हे नाव बहुधा सापडेल. फक्त गाडीचा ब्लूटूथ बिघडला म्हणून त्याला मेल करू नका.