वर्षभराच्या अभ्यासाचा उत्सव

अमेरिकेतील विद्यापीठांत फेब्रुवारी हा कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना म्हणून साजरा होतो. व्याख्याने, गायन, नृत्य, खाद्यपदार्थ, प्रदर्शने आणि माजी विद्यार्थ्यांच्या भेटीगाठी असे त्याचे स्वरूप असते. महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात त्याची माहिती सांगण्यास एक कारण आहे. महिनाभराचा हा उत्सव विद्यार्थ्यांनीच उभा केला आणि त्याच्या मुळाशी अभ्यासाची मागणी होती.

या उत्सवाच्या मूळ कल्पनेचे जनक इतिहासकार कार्टर जी. वुडसन. त्यांचा जन्म 1875 साली व्हर्जिनिया राज्यात झाला. आईवडिलांचे पूर्वायुष्य गुलामीत गेले होते. वुडसन यांनी कोळशाच्या खाणीत काम केले, विशीच्या सुमारास माध्यमिक शाळेत प्रवेश घेतला आणि दोन वर्षांत तेथील शिक्षण पूर्ण केले. 1912 साली हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना इतिहासातील डॉक्टरेट दिली. हार्वर्डमधून ही पदवी मिळवणारे ते दुसरे कृष्णवर्णीय अमेरिकन, पहिले डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस. पाठ्यपुस्तकांत कृष्णवर्णीयांचा उल्लेख आला तर तो गुलाम म्हणून, एरवी त्यांना जागाच नव्हती. हे बदलायचे तर आधी साधने गोळा करून संशोधन व्हायला हवे, हे वुडसन यांनी ओळखले. 1915 साली त्यांनी शिकागो येथे कृष्णवर्णीयांच्या जीवनाचा व इतिहासाचा अभ्यास करणारी संस्था स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी संशोधनपत्रिका सुरू केली.

1926 साली या संस्थेने ‘निग्रो इतिहास सप्ताह’ जाहीर केला. त्यासाठी फेब्रुवारीचा दुसरा आठवडा निवडला, कारण अब्राहम लिंकन यांची जयंती 12 तारखेला आणि गुलामगिरीविरोधी नेते फ्रेडरिक डग्लस यांची 14 तारखेला कृष्णवर्णीय वस्त्यांत आधीपासूनच साजरी होत असे. सप्ताहापुरते स्मरण करून पुस्तक मिटावे, असा वुडसन यांचा हेतू नव्हता. वर्षभर शिकलेल्या गोष्टी मुलांनी त्या आठवड्यात लोकांपुढे मांडाव्यात, अशी त्यांची अपेक्षा होती. शिक्षकांसाठी संस्था पाठ, चित्रे आणि छोट्या नाटिकाही पुरवत असे.

सप्ताहाचा महिना झाला तो विद्यार्थी चळवळीतून. 1960 नंतरच्या दशकात मोठ्या विद्यापीठांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची संख्या वाढू लागली, पण अभ्यासक्रम आणि अध्यापकवर्ग पूर्वीचाच राहिला. सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजमध्ये ब्लॅक स्टुडंट युनियन आणि इतर वांशिक गटांच्या विद्यार्थ्यांनी नोव्हेंबर 1968 पासून मार्च 1969 पर्यंत संप केला. त्यातून वांशिक समूहांच्या अभ्यासाचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. ओहायो राज्यातील केंट स्टेट विद्यापीठात ‘ब्लॅक युनायटेड स्टुडंट्स’ या संघटनेने फेब्रुवारी 1969 मध्ये पूर्ण महिन्याचा प्रस्ताव मांडला. पहिला सोहळा 2 जानेवारी ते 28 फेब्रुवारी 1970 या काळात झाला. 1976 साली राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी या महिन्याला अधिकृत मान्यता दिली.

या सोहळ्यात दिसणाऱ्या कलांचा इतिहासही शिक्षणसंस्थांशी जोडलेला आहे. टेनेसीतील फिस्क विद्यापीठ 1871 साली आर्थिक अडचणीत आले, तेव्हा विद्यार्थ्यांचे एक गायकपथक दौऱ्यावर निघाले. त्यांतील बहुतेकांचे बालपण गुलामीत गेले होते. मळ्यांवर राबणाऱ्यांची भक्तिगीते त्यांनी अमेरिकेत आणि युरोपात ऐकवली आणि मिळालेल्या पैशातून ज्युबिली हॉल ही इमारत उभी केली. ‘लिफ्ट एव्हरी व्हॉइस अँड सिंग’ हे गीत 1900 साली फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे शाळेच्या मुलांनी लिंकन जयंतीला प्रथम गायले. ते लिहिणारे जेम्स वेल्डन जॉन्सन त्या वेळी तेथील स्टँटन शाळेचे मुख्याध्यापक होते. चाल त्यांचे बंधू जे. रोझमंड यांची. आजही अनेक विद्यापीठांत कार्यक्रमाची सुरुवात याच गीताने होते.

विद्यार्थिसंघांची गोष्टही अशीच आहे. कॉर्नेल विद्यापीठात मोजक्याच कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना एकटेपण जाणवे. त्यांनी एकत्र अभ्यास आणि परस्परांना आधार यासाठी सुरू केलेल्या गटातून 1906 साली ‘अल्फा फाय अल्फा’ हा बंधुसंघ झाला. 1908 साली हॉवर्ड विद्यापीठात ‘अल्फा कप्पा अल्फा’ हा विद्यार्थिनींचा संघ स्थापन झाला. पायांचा ताल, टाळ्या आणि घोषणा यांनी सजणारे ‘स्टेपिंग’ हे समूहनृत्य अशा संघांतच वाढले.

या इतिहासाशी महाराष्ट्राचा जुना संबंध आहे. महात्मा फुले यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1946 साली डू बॉइस यांना पत्र लिहिले आणि कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे दिलेल्या निवेदनाची प्रत मागितली. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या औरंगाबाद येथील मिलिंद महाविद्यालयात अमेरिकेत शिकून आलेले डॉ. म. ना. वानखेडे यांनी कृष्णवर्णीय साहित्याची चर्चा सुरू केली. डॉ. गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ या नियतकालिकाने दलित लेखकांना हक्काची जागा दिली. 1972 साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथर पक्षावरून घेतले.

या महिन्यावर अमेरिकेत टीकाही होते. वर्षातले अठ्ठावीस दिवस उत्सव करून उरलेले वर्ष विसरायला मोकळे, असे घडू नये, हा तिचा मुख्य मुद्दा. पण मूळ योजनेत उत्सव अभ्यासाची जागा घेणार नव्हता. तो अभ्यासाचे फळ लोकांपुढे ठेवणार होता. म्हणूनच ग्रंथालयातील दप्तरे, स्वतंत्र अभ्यासविभाग, सांस्कृतिक केंद्र आणि शिष्यवृत्त्या ही या सोहळ्याची कायमची अंगे ठरली. जेथे ती आहेत, तेथे फेब्रुवारीतील गाणी आणि भाषणे वर्षभर चाललेल्या कामाची ओळख करून देतात. जेथे नाहीत, तेथे वुडसन यांनी 1926 साली सुरू केलेले काम अपुरे आहे.