हट्टाचें चित्र आणि त्याखालची ओळ

पुणें जिल्ह्यांतील आंबेगांव तालुक्याच्या अगदीं पश्चिमेस, सह्याद्रीच्या कड्यावर आहुपे हें गांव आहे. गांवाची जमीन संपते तेथें डोंगर एकदम तुटतो आणि खालीं मुरबाडकडचें कोंकण पसरलेलें दिसतें. म्हणजे, दिसावयाचें असेल तेव्हां दिसतें. आषाढ-श्रावणांत दरींतून धुकें उसळतें व चार हातांवरचा माणूसहि ओळखूं येत नाहीं. नेमक्या त्याच दिवसांत शहरांतील हौशी मंडळी तेथें जातात.

अशा एका पाहुण्याची कल्पना करावी. तो कड्यावर उभा राहून, बांधावर इरलें घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्यास विचारतो, “कोंकण केव्हां दिसेल?” पांच मिनिटांनीं पुन्हां तोच प्रश्न. पुढच्या पांच मिनिटांनीं तक्रार, “अहो, आम्ही पुण्याहून मुद्दाम आलों आहों!” यावर तो शेतकरी कांहींच बोलत नाहीं, नुसता पाहतो. त्या पाहण्यांत राग नसतो, हंसूंहि नसतें. तीच मुद्रा कोणीं मोबाईलवर टिपली व तिच्याखालीं एक ओळ लिहून मित्रमंडळींत धाडली, म्हणजे ‘मीम’ तयार झालें.

हा शब्द रिचर्ड डॉकिन्स या इंग्रज शास्त्रज्ञानें १९७६ सालीं ‘द सेल्फिश जीन’ या ग्रंथांत योजिला. अनुकरण या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यानें तो घडविला, आणि एका मनांतून दुसऱ्या मनांत उतरत जाणारी कल्पना, चाल वा लकब असा त्याचा अर्थ केला. पुढें तो अशा सचित्र विनोदासच चिकटला. त्यांत चित्र तेंच राहतें आणि ओळ हातोहात बदलते. सारी करामत त्या ओळीची.

आणि या ओळींचा एक आवडता विषय म्हणजे हट्ट. मराठी घराला तो नवा नाहीं. बालहट्ट, स्त्रीहट्ट व राजहट्ट असे तीन हट्ट आपल्याकडे पूर्वींपासून सांगितले जातात. स्त्रियांनीं पुरुषहट्ट हा चौथा प्रकार त्यांत घालावयास हवा होता. बिरबलाच्या गोष्टींतील मूल आधीं हत्ती मागतें, मग मडकें मागतें, आणि अखेर तो हत्ती या मडक्यांत घाला म्हणून भोकाड पसरतें. लग्नघरींहि नव्या नवरीमागें “नांव घे, नांव घे” असा लकडा लागतो व ती उखाण्यानें त्याचें उत्तर देते. रुखवतांतील जिनसांवर चिठ्ठ्या लावून त्यांवर यमकांच्या ओळी लिहिण्याची हौस तर अनेकांनीं पाहिली असेल. वस्तु समोर, ओळ तिच्यापाशीं आणि वाचणाराच्या ओठांवर हंसूं. मीम याहून फार निराळें नव्हे.

मात्र ओळ जुळविणें वाटतें तितकें सोपें नाहीं. आहुप्याचें तेंच चित्र घेऊन पाहावें. “शेतकरी चकित झाला” असें लिहिलें तर तें व्यर्थ. चित्र तें सांगतच आहे. “खेड्यांतल्या माणसाला काय कळणार?” असें लिहिलें तर कुचेष्टा झाली, विनोद नव्हे. पण “धुकें हटविण्याचा अर्ज घोडेगांवच्या कचेरींत मिळेल, सोबत दोन फोटो जोडावे” असें लिहिलें, कीं हंसूं बरोबर पाहुण्याच्या हट्टावर पडतें. तीच मुद्रा घरांतहि चालते. “तिसऱ्यांदा चहा मागितल्यावर स्वयंपाकघरांतून येणारी नजर.” किंवा, “आई, उद्यां शाळेंत मातीचा किल्ला न्यावयाचा आहे. वेळ, रात्रीं साडेदहा.” यांतून तीन गोष्टी ध्यानांत येतील. मागणी मागणाराच्याच शब्दांत असावी. वेळ, संख्या, जागा नेमकी असावी. आणि उत्तर चित्रांतील चेहऱ्यावर सोंपवावें. ओळीनेंच उत्तर दिलें, तर चेहऱ्यास काम उरत नाहीं.

येथवर गंमत झाली. परंतु रुखवताच्या चिठ्ठींत ज्या विहीणबाईंना चिमटा काढलेला असतो त्या समोरच बसलेल्या असतात, व त्यांना उलट उत्तर देतां येतें. मोबाईलवरील चेहऱ्याला ती सोय नाहीं. अमेरिकेंतील लेना मॉरिस या तरुणीनें २०१२ सालीं एका गायकाच्या स्पर्धेसाठीं, प्रियकरावर सतत पाळत ठेवणाऱ्या प्रेयसीचें विडंबन केलें. तिच्या रोखलेल्या डोळ्यांच्या चित्राखालीं जगभरच्या लोकांनीं अतिरेकी मागण्यांच्या असंख्य ओळी लिहिल्या. तें सोंग तिनें स्वखुषीनें घेतलें होतें व त्यांतून तिला कीर्तिहि मिळाली. तरी २०१९ सालीं तिनें यूट्यूबचा निरोप घेतला, तेव्हां आपणांस नैराश्यानें व चिंतेनें ग्रासलें होतें हें तिनेंच सांगितलें. हंसणाऱ्यांपैकीं कितीजणांच्या ध्यानीं आलें असेल कीं त्या डोळ्यांमागें एक माणूस आहे? मग ज्यानें सोंग घेतलेलेंच नाहीं, त्या इरल्याखालच्या माणसाचें काय? त्याची अनुमति घेतल्यावांचून त्याचा चेहरा गांवोगांव फिरविणें, हाहि एक हट्टच होय.

वास्तविक हट्ट आवरणें म्हणजे काय, हें आहुप्यास निराळें शिकवावें लागत नाहीं. भात आणि हिरडा यांवर संसार चालविणाऱ्या या गांवानें भैरवनाथाची देवराई राखली आहे. रानांतून लांकूडफाटा, फळ, औषध सारें घ्यावें. पण देवराईची कड आली कीं मागणें थांबवावें, ही देवराईची रीत. ज्याला ही रीत ठाऊक आहे, त्याच्याकडे बोट दाखवून हंसण्यापेक्षां त्याच्या नजरेनें स्वतःकडे पाहून हंसलेलें बरें. ज्या ओळींत लिहिणाराचाच हट्ट सांपडतो, ती वाचून कोणी दुखावत नाहीं, आणि घरांतील प्रत्येकजण मनांत म्हणतो, “हा तर मीच!”

कड्यावरचें धुकें आपल्या मर्जीनें विरतें. वारा फिरतो, पडदा बाजूला होतो आणि क्षणभर सारें कोंकण उन्हांत लख्ख दिसतें. शेतकरी हांक मारतो, “साहेब, बघा!” पण साहेबांना सवड कोठें आहे? ते मान खालीं घालून मोबाईलवर ओळ जुळवीत असतात.