फलकावर यादी लागण्यापूर्वी

(शाखा कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



डिझेलचा धूर किती वाईट, हे आम्हाला कुणी शिकवायची गरज नाही. शेडमध्ये चाचणीला लावलेल्या इंजिनाशेजारी आम्ही उमेदीची वर्षे काढली. डब्यांतून रुळांवर पडणाऱ्या मैल्यात उभे राहून ज्या गँगमननी बोल्ट आवळले, त्यांना जैवशौचालयाचे मोल कुठल्याही तज्ज्ञापेक्षा जास्त कळते. तेव्हा रेल्वे स्वच्छ व्हावी की नाही, हा आमचा वाद नाही. देशातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईतच व्ही.टी.हून कुर्ल्याकडे धावली. आज ब्रॉडगेजचे जवळजवळ सारे मार्ग विजेवर आले आहेत. २०३० पर्यंत कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट रेल्वेने जाहीर केले आहे. उत्तम. आमचा सवाल एवढाच की हे ठरवताना कामगाराला विचारले कधी?

आम्हाला ठाऊक असलेल्या एका डिझेल शेडची गोष्ट आहे. एका सकाळी फलकावर यादी लागली. इतके फिटर विजेच्या इंजिनांच्या प्रशिक्षणाला, इतके दुसऱ्या विभागात. नुसत्या आवाजावरून इंजिनाचा दोष सांगणारा माणूस पोरसवदा मुलांबरोबर बाकावर जाऊन बसला. तो शिकलाही. वाफेची इंजिने गेली तेव्हा फायरमनचे डिझेल असिस्टंट झालेच होते. नवे शिकण्याला आपला माणूस भीत नाही. पण मुलगी बारावीला, क्वार्टर ठेवायचे की सोडायचे, ज्येष्ठता कुठली धरणार, याचे उत्तर देणारा एकही अधिकारी त्या दिवशी सापडला नाही. विषय पी.एन.एम.मध्ये नेला, तर उत्तर आले की धोरणात्मक निर्णय आधीच झाला आहे.

असे का होते, ते समजून घ्या. पी.एन.एम. म्हणजे कायम वाटाघाट यंत्रणा. रेल्वेत ती १९५२ पासून आहे. विभाग, झोन आणि बोर्ड अशा तिच्या तीन पायऱ्या. टपालासह केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी जे.सी.एम. १९६६ पासून. पण जे.सी.एम.मध्ये एकमत झाले नाही तर सक्तीचा लवाद कशावर मागता येतो? वेतन-भत्ते, आठवड्याचे कामाचे तास आणि रजा. संपले! शेडचे रूप बदलणे, पदे हलवणे, नवे प्रशिक्षण, यांतले काहीही त्यात बसत नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम ९-अ होते. सेवाशर्ती बदलण्यापूर्वी मालकाने २१ दिवसांची नोटीस द्यावी, असे ते सांगे. त्याच कलमाने रेल्वे आस्थापना संहिता लागू असणाऱ्यांना वगळलेही होते.

मग राहते काय? कर्मचाऱ्यांच्या व्यवस्थापनातील सहभागासाठी १९९४ पासूनचा मंच आहे, त्याचे इंग्रजी लघुरूप ‘प्रेम’. (नावाप्रमाणे वागणारे अधिकारी विरळाच!) तिथे तक्रारी चालत नाहीत, कामकाजाच्या सुधारणेचा विचार होतो. आमचे मत असे की नेमका हाच दरवाजा आपण फार कमी वेळा ठोठावला. कुठले काम किती वर्षांत संपणार, नवे कुठे निघणार, हे तिथे आधी विचारायला हवे होते.

स्पेनमधल्या कोळसा खाणींचे पाहा. २०१८ च्या अखेरीस तिथल्या बहुतेक खाणी बंद व्हायच्या होत्या. ऑक्टोबरमध्ये सरकार, संघटना आणि खाणमालक यांनी करार केला. ४८ वर्षांवरील कामगारांना मुदतपूर्व निवृत्तीची सोय, तरुणांना नव्या कामाचे प्रशिक्षण, खाणीची जमीन सुधारण्याच्या कामात खाणकामगारांना प्राधान्य आणि खाणपट्ट्यासाठी २५ कोटी युरो. संघटनेने खाणी वाचवल्या नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण फाटकाला कुलूप लागण्यापूर्वी माणसांचे काय, हे कागदावर आले. आणि त्या करारात उपकंत्राटदारांकडचे कामगारही होते. आमच्याकडे डबे धुणारा कंत्राटी कामगार पी.एन.एम.च्या टेबलापर्यंत पोहोचतच नाही. त्याची बाजू आपण मांडली नाही तर कोण मांडणार?

टपाल बांधवांनीही हे दुसऱ्याचे दुखणे समजू नये. मेल मोटरच्या डिझेल गाड्यांच्या जागी बॅटरीच्या आल्या, तर आजच्या मेकॅनिकने उद्या काय करायचे? हा प्रश्न गाड्यांची ऑर्डर निघण्यापूर्वी विभागीय कौन्सिलसमोर ठेवा.

त्यासाठी हाती माहिती हवी. आपापल्या सेक्शनमध्ये केवळ डिझेलवर अवलंबून असलेली पदे किती, त्यांवरील माणसांची निवृत्ती कधी, कोण कशाचे प्रशिक्षण घेऊ इच्छितो, याची वही करा. कंत्राटी माणसांची नावे वेगळ्या पानावर घ्या. पुढच्या बैठकीची विषयपत्रिका जाण्याआधी ही वही शाखा सचिवांच्या हाती पडली पाहिजे.