ट्रक उभा कुठे करायचा?

मंडळींनो, आपल्या मुकुटबन भागात कोळसा आहे, सिमेंटचा कारखाना आहे. ट्रक येणारच. त्यावर कित्येक घरची चूल पेटते.

पण रात्रभर घरांपुढे ट्रक उभे राहिले, तर आजाऱ्याची गाडी आत येणार कशी? ट्रकाआडून धावत आलेलं पोर दुसऱ्या गाडीवाल्याला दिसणार कसं?

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १२२ सांगते : धोका किंवा अडथळा होईल अशी गाडी रस्त्यावर उभी करू नये.

ड्रायव्हरही माणूसच. त्यालाही विसावा पाहिजे. कलम ११७ प्रमाणे गावच्या संस्थेचा विचार घेऊन सरकार गाड्यांना जागा ठरवून देऊ शकते. मग भांडायचं कशाला? आपण ग्रामसभेत ठराव करू. अर्ज आपल्याच हाताने लिहू.