दुकानाची पाटी आणि कायद्यातील ‘परंतु’

(लघुउद्योजकांच्या मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



नवे दुकान थाटताना मुहूर्त पाहिला जातो, पूजा होते, आप्तेष्ट जमतात. पाटी मात्र बहुधा आदल्या रात्री, फ्लेक्सवाल्याच्या सल्ल्याने चढते. तिला अनुमती लागते काय, हा प्रश्न महापालिकेची नोटीस हाती पडेपर्यंत कोणाच्या मनाला शिवतही नाही. मग धावपळ होते, एखादा मध्यस्थ भेटतो आणि ‘वर द्यावे लागतात’ एवढ्या तीन शब्दांत सारा कायदा सांगून मोकळा होतो.

वस्तुतः कायदा इतका गूढ नाही. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ मधील कलम ३२८ हे आकाशचिन्हांविषयी, तर ३२८-अ हे जाहिरातींविषयी आहे. पुणे, नाशिक आदी शहरांना लागू असलेल्या १९४९ च्या अधिनियमात हीच व्यवस्था कलम २४४ व २४५ मध्ये आढळते. ‘आकाशचिन्ह’ हा शब्द मोठा काव्यमय वाटतो. अर्थ मात्र साधा आहे. इमारतीच्या वर उभारलेला, रस्त्यावरून पाहता आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणारा फलक म्हणजे आकाशचिन्ह. आयुक्तांच्या लेखी परवानगीवाचून ते उभारता येत नाही.

जाहिरातीलाही परवानगी हवीच. परंतु (आणि मध्यस्थाची कमाई या ‘परंतु’च्या अज्ञानावरच चालते) ज्या जागेत व्यवसाय चालतो, त्याच जागेवर त्याच व्यवसायाविषयी लावलेली पाटी या अटीतून वगळलेली आहे. मात्र ती प्रकाशित नसावी आणि आकाशचिन्हही नसावी. समजा, दादरच्या एखाद्या गल्लीत एका गृहिणीने पोळी-भाजी केंद्र काढले आणि दारावर रंगवलेली साधी पाटी लावली, तर तिला या कलमाखाली परवाना लागत नाही. त्याच पाटीच्या आत दिवे बसवले, की लागतो. मग विभाग कार्यालयात रीतसर अर्ज करावा, फलकाची मापे, जागेचे छायाचित्र व जागामालकाची संमती जोडावी, शुल्क भरून पावती घ्यावी. पावतीवाचून दिलेला पैसा शुल्क नव्हे.

पाटीवरील भाषेचा विषय निराळा आहे. अनेकांची येथे गल्लत होते. तो दुकाने व आस्थापना कायद्याचा भाग आहे. २०१७ च्या कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरीतील मराठी नामफलक बंधनकारक झाला. मराठी अक्षरे आरंभी हवीत व इतर भाषांतील अक्षरांहून लहान नकोत. व्यापारी संघटना न्यायालयात गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांना पाट्या बदलण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. खरे पाहता, ज्या गिऱ्हाइकाच्या भाषेत दिवसभर व्यवहार चालतो, त्याच्या लिपीत नाव लिहिण्यासाठी दिल्लीपर्यंत जाण्याचे कारण नव्हते.

परवानगी म्हणजे केवळ अडवणूक, असे मानणाऱ्यांनी घाटकोपर आठवावे. १३ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात पेट्रोलपंपावर एक महाकाय फलक कोसळला आणि सतरा माणसे मृत्युमुखी पडली. मुंबईत कमाल मर्यादा ४० बाय ४० फुटांची; हा फलक १२० बाय १२० फुटांचा. जागा लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातील होती आणि आपली परवानगीच नव्हती, असे महापालिकेने सांगितले. त्याआधी वर्षभरापूर्वी, एप्रिल २०२३ मध्ये, पिंपरी-चिंचवडमधील किवळे येथे फलक पडून पाच जण दगावले होते. पोळी-भाजी केंद्राच्या पाटीची मापे मोजणाऱ्या यंत्रणेला एवढा सांगाडा दिसला नाही काय, असे सामान्य दुकानदाराने विचारले, तर तो प्रश्न उद्धट ठरत नाही. तो लेखी विचारावा आणि उत्तरही लेखी मागावे.

मात्र विचारणाऱ्याची स्वतःची पाटी नीट हवी. लोखंडी चौकट गंजते, बोल्ट सैल होतात, दिव्यांच्या तारा उघड्या पडतात. मे महिन्यात, पहिल्या वळवाच्या आधी, शिडी लावून हे सारे एकदा पाहून घ्यावे. परवान्याची मुदतही त्याच दिवशी तपासावी.