तेल, पाणी आणि वायूची वाटणी



आपल्या गोंदिया जिल्ह्यात कितीही खोल बोअर मारला तरी खनिज तेल लागणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमगावच्या बाजूचा खडक २०० कोटी वर्षांहून जुना. भूगर्भशास्त्रज्ञांनी त्याला 'आमगाव नाइस' असं आपल्याच गावाचं नाव दिलंय. एवढा दाब आणि उष्णता सोसलेल्या खडकात तेल टिकत नाही. तरीही धानाला टाकतो तो युरिया आणि घरातलं सिलिंडर यांचा तेलविहिरींशी जवळचा संबंध आहे. महाराष्ट्रापुरतं बोलायचं, तर मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर पश्चिमेला, भर समुद्रातल्या मुंबई हाय या तेलक्षेत्राशी.

तिथे १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या रिगनं तेल शोधलं आणि २१ मे १९७६ रोजी उत्पादन सुरू झालं. तेलविहीर म्हटलं की डोळ्यांपुढे काळा फवारा येतो. ती सिनेमाची कृपा. प्रत्यक्षात वर येतं ते तेल, वायू आणि खारं पाणी यांचं घुसळलेलं मिश्रण. तसंच्या तसं ते कुणाच्याच कामाचं नाही.

म्हणून समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवरच पहिली वाटणी होते. ती करणाऱ्या यंत्राला सेपरेटर म्हणतात. ही आडवी ठेवलेली, जाड पोलादाची बंद टाकी. मिश्रण आत शिरताच एका पत्र्यावर आदळतं, त्याचा वेग मोडतो आणि वायू वर सुटतो. बाहेर पडण्याआधी तो तारांच्या दाट जाळीतून जातो, तिथे तेलाचे थेंब अडकतात. खाली काही मिनिटं द्रव निवांत राहिला की पाणी तळाला बसतं, तेल वर तरंगतं. टाकीच्या एका टोकाला अर्ध्या उंचीची भिंत असते. तेल तिच्यावरून पलीकडे सांडतं, पाणी अलीकडूनच काढून घेतात. आपल्या राइस मिलमध्ये कोंडा आणि तांदूळ वेगळे होतात, तसंच इथेही मुख्य काम हलक्या-जडपणाचंच. अर्थात तेलात अडकलेले पाण्याचे बारीक थेंब एवढ्यानं सुटत नाहीत, त्यासाठी रसायन घालावं लागतं.

दाबही एकदम उतरवत नाहीत. तसं केलं तर तेलातला हलका, मोलाचा भाग वायूबरोबर उडून जातो. म्हणून तेल टप्प्याटप्प्यानं कमी दाबाच्या टाक्यांत नेतात.

वायूची तऱ्हा वेगळी. त्यात पाण्याची वाफ राहिली तर नळात बर्फासारखे गोळे जमून वाट बंद होते. ग्लायकॉल नावाचा द्रव ती वाफ शोषून घेतो. सुरुवातीच्या वर्षांत हा वायू किनाऱ्यावर आणायची पुरेशी सोय नव्हती, त्यामुळे पुष्कळसा तिथेच जाळून टाकला. मला विचाराल तर एवढी महागडी दिवाळी आपण दुसरी केली नसेल.

पुढचं काम रायगड जिल्ह्यात, ओएनजीसीच्या उरण प्रकल्पात होतं. तिथे वायू थंड करून त्यातले प्रोपेन आणि ब्युटेन काढतात. तोच आपल्या सिलिंडरमधला गॅस. त्याला स्वतःचा असा वास नसतो. गळती कळावी म्हणून उग्र वासाचं मर्केप्टन मुद्दाम मिसळतात. उरलेल्या हलक्या वायूपासून अमोनिया आणि अमोनियापासून युरिया होतो. अलिबागजवळ थळला राष्ट्रीय केमिकल्सचा कारखाना उभा राहिला तो याच वायूच्या भरवशावर.

हे काम जोखमीचं आहे. २७ जुलै २००५ रोजी मुंबई हाय नॉर्थवर एक जहाज वायूच्या नळावर आदळलं आणि अख्खा प्लॅटफॉर्म जळून गेला. २२ जणांचा जीव गेला.

आता हे क्षेत्र म्हातारं झालंय. दाब टिकवण्यासाठी समुद्राचं पाणी खाली सोडतात, तेच तेलाबरोबर वर येतं आणि त्याचं प्रमाण वाढत जातं. उत्पादन वाढवण्यासाठी २०२५ च्या जानेवारीत ओएनजीसीनं बीपी कंपनीला तांत्रिक मदतीला घेतलं. चर्चा होते ती आणखी तेल किती निघेल याची. एवढं पाणी जुन्या टाक्यांनी कसं पेलायचं, हा प्लॅटफॉर्मवरच्या माणसांचा रोजचा प्रश्न आहे.