संगणकाची नोकरी आणि मुलाखतीची तयारी



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा बोनस किंवा कंत्राटी कामगार असे काही उत्तर त्यांना अपेक्षित असावे. आम्ही संगणकाच्या नोकरीची मुलाखत म्हटल्यावर ते जरा थबकले. पण यात नवल नाही. ज्या घरांतून पूर्वी माणसे साच्यांवर आणि लेथवर जात, त्याच घरांतील मुले आज प्रोग्रॅमिंग शिकून नोकरीच्या दारात उभी आहेत. बाप युनियनचा सभासद असतो. मुलगी मुलाखतीत नापास होऊन घरी येते आणि कशात नापास झाली हे तिला कोणी सांगत नाही. गिरणीत दंड झाला तर निदान त्याचे कारण तरी कळे! म्हणून आम्ही या गोष्टीत लक्ष घातले. आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढे जे सांगणार आहोत ते पुस्तके वाचून, मुलांबरोबर बसून आणि युनियनचे दप्तर संगणकावर चढवताना मिळवलेले आहे.

पहिली गोष्ट ही की, मुलाखत ही पाठांतराची परीक्षा नव्हे. ती वाटाघाट आहे. पगारवाढीच्या बोलण्यात मालकाने एक आकडा पुढे टाकला, तर जाणता कार्यकर्ता लगेच हो किंवा नाही म्हणत नाही. हा मूळ पगार की महागाई भत्ता धरून, असे तो आधी विचारतो. येथेही तेच करावयाचे. 'पगाराच्या टेबलातून दुसऱ्या क्रमांकाचा पगार काढून दाखवा' हा प्रश्न मुलाखतींत इतका रुळला आहे की मुले त्याचे उत्तर आरतीसारखे म्हणतात. पण दोघांना 80,000 आणि तिसऱ्याला 60,000 असेल तर? पगार उतरत्या क्रमाने लावून दुसरी ओळ उचलणाऱ्याला पुन्हा 80,000 च मिळतील. दुसरा पगार हवा की दुसरा माणूस, हे आधी विचारावे. पगार हवा असेल, तर सर्वांत मोठ्या पगाराहून लहान असलेल्यांतला सर्वांत मोठा काढावा. आणि टेबलात एकच पगार असेल तर काय, हेही न विचारता सांगावे. विचारणारा खूश होतो तो या ठिकाणी.

डेटाबेसचे शास्त्र भीतीदायक नाही. इंग्लंडात जन्मलेल्या आणि अमेरिकेत आयबीएममध्ये काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी 1970 साली एक निबंध लिहिला. तोपर्यंत माहिती यंत्रात कोणत्या वाटेने ठेवली आहे हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ठाऊक असावे लागे. कॉड यांनी सांगितले की माहिती साध्या टेबलांत मांडा. माणसाने काय हवे ते सांगावे, वाट यंत्राने शोधावी. त्याच कंपनीतील चेंबरलिन आणि बॉइस यांनी 1974 साली या विचारावर जी भाषा मांडली, तीच आजची एसक्यूएल.

आता आमच्या दप्तराकडे या. एका सभासदाचा पत्ता हजेरीच्या, वर्गणीच्या आणि तक्रारींच्या अशा तीन वह्यांत लिहिलेला असतो. तो चाळ सोडून गेला आणि पत्ता एकाच वहीत बदलला, तर खरा पत्ता कोणता? म्हणून पत्ता एकाच जागी ठेवावा आणि इतर वह्यांत फक्त सभासद क्रमांक लिहावा. पुस्तकात 'नॉर्मलायझेशन' म्हणून ज्याची पाने भरतात, त्याचे मर्म एवढेच आहे. पुढे वर्गणी न भरलेल्यांची यादी हवी झाली, तर सभासदांची सर्व नावे घेऊन त्यांना वर्गणीची वही जोडावी आणि जेथे जोड लागली नाही ती नावे वेचावीत. हाच 'लेफ्ट जॉइन'.

येथे एक खड्डा आहे. काही मुले हीच यादी 'नॉट इन' वापरून काढतात. वर्गणीच्या वहीत सभासद क्रमांकाचा एक जरी रकाना कोरा राहिला असेल, तर अशा क्वेरीतून एकही नाव परत येत नाही! कारण कोरा म्हणजे शून्य नव्हे. कोरा म्हणजे ठाऊक नाही. 'हा क्रमांक त्या कोऱ्या क्रमांकाहून वेगळा आहे काय?' असे विचारल्यावर यंत्र 'ठाऊक नाही' म्हणते, आणि खात्री नसलेले नाव ते यादीत घेत नाही. आम्हांस हा प्रामाणिकपणा आवडला. 'नॉट एक्झिस्ट्स' वापरले म्हणजे हा खड्डा टळतो.

ट्रँझॅक्शन कामगाराच्या पोराला समजावून सांगण्याची गरजच नसावी. पगारातून फंडाचे पैसे कापले गेले आणि खात्यात भरलेच गेले नाहीत, हा अनुभव कित्येक घरांनी घेतला आहे. दोन्ही नोंदी व्हाव्यात किंवा एकही होऊ नये, हा त्यातला पहिला नियम. इंडेक्स म्हणजे ग्रंथाच्या शेवटची सूची: शोध लवकर लागतो, पण नवी नोंद झाली की सूचीही दुरुस्त करावी लागते. म्हणून प्रत्येक रकान्यावर इंडेक्स लावीन म्हणणाऱ्याकडे परीक्षक संशयाने पाहतो.

प्रोग्रॅमिंगबद्दल थोडेच सांगतो. क्रमाने लावलेल्या 10 लाख नावांत दर वेळी मधले नाव पाहून अर्धी यादी टाकून दिली, तर 20 वेळांत नाव सापडते. हे कागदावर मांडून, मोठ्याने बोलत सोडवण्याची सवय करावी. गप्प बसून बरोबर उत्तर लिहिणारा मुलगा मागे पडतो, कारण त्याचा विचार समोरच्याला दिसत नाही. इंग्रजी अडखळत असेल तर लहान वाक्ये बोलावीत. आम्ही मुलांना आधी मराठीत समजावून सांगावयास लावतो. जे मराठीत सांगता येत नाही ते समजलेलेच नसते, असे आमचे मत झाले आहे.

शेवटी पगाराचे. वर्षाचा जो मोठा आकडा सांगतात, त्यात मालकाचा फंडाचा हिस्सा आणि पुष्कळदा ग्रॅच्युइटीही धरलेली असते. दरमहा हाती किती येणार, याचा तपशील लेखी मागावा. रात्री फोन आला तर उठून काम करावयाचे काय, बाँड किती वर्षांचा, तो मोडल्यास रक्कम किती, हेही सही करण्यापूर्वी विचारावे. मूळ प्रमाणपत्रे कोणाच्या ताब्यात देऊ नयेत. दाखवावीत, नकला द्याव्यात आणि परत आणावीत. नोकरीसाठी अनामत मागणाऱ्याला एक पैसाही देऊ नये.

दर रविवारी सकाळी युनियनच्या कचेरीत ही मुले एकमेकांच्या मुलाखती घेतात. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी वही आणि पेन्सिल घेऊन यावे. संगणक तेथे दोनच आहेत, आणि सुरुवातीचे दोन महिने त्यांची फारशी गरज पडत नाही.